अर्धा कोयता आणि अहवालातलं शून्य
(एका शिबिरातील भाषणाचा काही भाग)



'आधुनिक गुलामगिरी' म्हटलं की आपल्याला कुठलातरी लांबचा देश आठवतो. मी बीडच्या ऊसतोडीबद्दल बोलणार आहे.

कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा जोडप्याशी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या हातात पडते. बाईला पुष्कळदा आकडाही ठाऊक नसतो, फेडताना मात्र तिचे दोन हात धरलेलेच असतात. मजुरी टनावर. पाळीत, आजारपणात काम बुडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाकी राहिली की पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. पोट दुखतं म्हणून गेलेल्या बाईला 'पिशवी काढून टाक' हा सल्ला सोयीचा कुणाला होता, हे मी सांगायला नको.

उचलीपोटी दुसरीकडे कामाला जायची मोकळीक गमावणं म्हणजे वेठबिगारी, असं आपला १९७६ चा कायदाच म्हणतो.

आता अहवालांकडे वळू. २०१५ च्या ब्रिटिश कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपनीने, आपल्या पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून काय केलं, ते दरवर्षी जाहीर करायचं. गंमत अशी, की 'आम्ही काहीच केलं नाही' एवढं लिहिलं तरी कायदा पाळला जातो! आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला. त्यात सक्तीच्या श्रमाच्या तक्रारी किती, असा रकाना आहे. फडातली बाई तक्रार नेणार कुठे? मुकादमाकडेच ना? मग तिथे शून्य पडतं. पुरवठादारांकडची तपासणी किती केली, हा भाग तर ऐच्छिक. आणि आपले सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीतच, म्हणून ते या अहवालाच्या बाहेर.

२०२४ च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट'ने ही साखर कोका-कोला, पेप्सीपर्यंत पोचते हे छापलं. साखर पोचते, पण बाईचं नाव मुकादमाच्या वहीतही पोचत नाही. सगळी मेख तिथे आहे. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी नवऱ्याला पैसे दिले. कागदावर जी मजूरच नाही, तिची गुलामगिरी कुठला हिशेबनीस शोधणार?

म्हणून मला अहवाल वाईट वाटत नाहीत, अर्धवट वाटतात. 'शून्य' लिहिणाऱ्याला आपण विचारू शकतो: कुणाला विचारून लिहिलंत? त्यासाठी आपल्या हातात कागद हवा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात. त्याआधी प्रत्येक गटाने वस्तीवर बसून नोंदी करायच्या: उचल किती, कुणाच्या हातात दिली, बाईसमोर दिली का, खाड्याचा दर काय, कारखाना कोणता. आणि मागणी एकच धरायची, कोयत्याची मजुरी निम्मी तिच्या खात्यावर. वहीच्या पानाचा नमुना मी आणलाय; जाताना दोन-दोन प्रती घेऊन जा.