बिनतारी सेवेचे शिक्षण
(समाजमंडळाच्या तोरणमाळ येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व वसतिगृहास साहाय्य ही आपल्या मंडळाची जुनी कार्ये होत. त्याच विद्यादानाच्या एका नव्या शाखेकडे आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. संकटकाळी बिनतारी यंत्रावरून निरोप पोचविणाऱ्या स्वयंसेवकांचे शिक्षण ही ती शाखा. या हौशी सेवेस 'हॅम रेडिओ' असे म्हणतात.

हा विषय तोरणमाळ येथेच का मांडावा, हे भोवती दृष्टी टाकताच उमगेल. सातपुड्यातील हे पठार हजार मीटरांहून अधिक उंच. खाली खोल दऱ्या, वळणावळणाचे घाट आणि दूरवर विखुरलेले पाडे. 2021 साली याच परिसरातील घाटांत गाड्या दरीत कोसळून प्राणहानी झाली. अशा प्रसंगी पहिली निकड असते ती बातमी पोचविण्याची. भ्रमणध्वनी मनोऱ्यावर अवलंबून आणि मनोरा विजेवर; शिवाय डोंगराआड त्याच्या लहरी पोचतातच असे नाही.

बिनतारी केंद्रास मात्र मोटारीची 12 व्होल्टची बॅटरी पुरते. 7 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 20 मीटर तार दोन झाडांमध्ये फारशी उंच न बांधता ताणली, तर लहरी आकाशाकडे जातात आणि वरच्या विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन डोंगर ओलांडून खाली उतरतात. रात्री जवळच्या अंतरासाठी याहून लांब लहरींचा पट्टा घ्यावा लागतो. हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हातचे उत्तम यंत्रही मुके राहते.

30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या महाराष्ट्रात हौशी बिनतारी सेवकांनी संदेशवहनाचे काम केले. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली, त्या वेळी हैदराबादच्या हौशी बिनतारी संस्थेच्या श्रीमती भारती प्रसाद पोर्ट ब्लेअर येथे निराळ्याच हेतूने केंद्र चालवीत होत्या. संकट येताच तेच केंद्र मदतीचे निरोप पाठवू लागले. त्यांना तेव्हा शिकत बसावे लागले नाही. विहीर तहान लागण्यापूर्वी खणलेली होती.

यंत्र विकत घेणे सोपे. बोलणे व ऐकणे कठीण. आपल्या भाषेतील 'सात' आणि 'साठ' खरखरीत किती सारखे ऐकू येतात पाहा! सात जखमींसाठी की साठांसाठी रुग्णवाहिका धाडावयाच्या? म्हणून शिकलेला मनुष्य साठ न म्हणता 'सहा, शून्य' असे सुटे अंक उच्चारतो. ऐकणारा ते लिहून घेऊन परत वाचून दाखवितो. कोठे, केव्हा, किती माणसे, काय हवे, एवढेच क्रमाने सांगावे. एका वेळी एकानेच बोलावे. नियंत्रक केंद्राने पुकारल्यावाचून मध्ये पडू नये. ही शिस्त सरावानेच अंगी बाणते. शासनाची परीक्षा देऊन परवाना मिळविणे अवश्य आहेच. परंतु परवाना भिंतीवर टांगून सराव सोडला, तर ऐन वेळी जीभ अडखळते.

आमची सूचना अशी की, मंडळाने शिक्षणनिधीतून दहा तरुण-तरुणींस हे शिक्षण द्यावे आणि दरमहा एक दिवस सरावाचा ठेवावा. यांपैकी निम्मे विद्यार्थी डोंगरातील पाड्यांवरचे असावेत, मग ते आपल्या समाजाचे असोत वा नसोत. 'समाजाचा पैसा परक्यांवर का खर्चावा?' असा प्रश्न कोणी करील, आणि तो अनुचित नाही. परंतु बिनतारी संदेशास दोन टोके असतात. आपला मुलगा शहाद्यास कानाशी यंत्र लावून बसला आणि दरीतून बोलणारे कोणी नसले, तर त्याने काय ऐकावे? पाड्यावरील भिल वा पावरा मुलास शिकविल्यावाचून आपल्या मुलाचे शिक्षणही अपुरेच राहील. शिवाय घाटातून आपलीही माणसे जातात. त्यांच्यासाठी पहिली हाक देणारा त्या पाड्यावरचाच असणार.

वसतिगृहाची इमारत डोळ्यांना दिसते. ही विद्या दिसणार नाही. वर्षानुवर्षे तिचा उपयोग करण्याची वेळच न आली, तर ते आपले भाग्यच समजावे. पण वेळ आलीच, तर दरीतील हाक कोणीतरी नीट ऐकावी, एवढ्यासाठी हा खर्च मंडळाने करावा, अशी नम्र विनंती आहे.