महापालिकेच्या शाळेचा पट आणि निकाल
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबई महापालिकेच्या शाळांचा विषय निघाला की दोन आकडे हटकून पुढे केले जातात. एक पटाचा, दुसरा निकालाचा. पट घसरला आहे, निकाल खासगी शाळांच्या मागे आहे; सबब या शाळा निकामी झाल्या असून त्या बंद कराव्यात, एकमेकींत विलीन कराव्यात किंवा खासगी संस्थांच्या हवाली कराव्यात, असा निष्कर्ष काढला जातो. तो केवळ खासगीकरणाचे पुरस्कर्तेच काढतात असे नाही. चळवळीचे सहानुभूतिदारही चार भिंतींच्या आत हेच बोलतात, आणि त्यांची नातवंडे कोणत्या शाळेत जातात हे सांगण्याची गरज नाही. मात्र या दोन आकड्यांच्या मधला प्रश्न क्वचितच विचारला जातो. पटावर आहेत कोण?

गिरणगावाचे उदाहरण घेतले म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते. १९६० आणि १९७० च्या दशकांत लालबाग, परळ, वरळी या भागांतील पालिकेच्या मराठी शाळा गिरणी कामगारांच्या मुलांनी भरलेल्या होत्या. ही मुले गरिबांचीच होती. पण त्या गरिबीला एक स्थैर्य होते. गिरणीचा पगार ठरल्या तारखेला येई, चाळीतली खोली पिढ्यान्‌पिढ्या तीच राही, आणि पहिलीत बसलेले मूल सातवीपर्यंत त्याच शाळेत दिसे. शाळेची भाषा व घरची भाषा यांत मालवणी किंवा घाटी वळणाचे अंतर असे, पण ते मुलाला ओलांडता येण्याजोगे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे जे घडले ते सर्वविदित आहे. मात्र त्या इतिहासात शाळांचे नाव सहसा येत नाही. रोजगार गेलेली कुटुंबे कोकणात किंवा घाटावर परतली, काही उपनगरांपलीकडे कल्याण-विरारच्या दिशेने गेली. जी तगली त्यांनी पोटाला चिमटा काढून मुलांना खासगी इंग्रजी शाळेत घातले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. मनोऱ्यांतील मुले पालिकेच्या शाळेत येणार नव्हतीच. शाळा ओस पडल्या त्या मास्तरांच्या आळसाने नव्हे; वस्तीच उठली म्हणून.

दुसऱ्या टोकाला गोवंडी, मानखुर्द, मालवणी आहे. तेथे नाक्यावर उभे राहून रोजंदारी मिळवणाऱ्यांची, कचरा वेचणाऱ्यांची, जरीकाम करणाऱ्यांची मुले येतात. पालिका आठ माध्यमांतून शिकवते ही अभिमानाची गोष्ट आहे. पण हिंदी माध्यमातील मूल घरी भोजपुरी किंवा अवधी बोलते आणि मराठी माध्यमातील बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते, हे माध्यमाच्या रकान्यात दिसत नाही. त्यात झोपडी कधी पाडली जाईल याचा नेम नाही. २००४-०५ च्या हिवाळ्यात शहरात हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या, त्या ऐन शाळेच्या महिन्यांत. संसार रस्त्यावर आलेल्या मुलाची वही पंचनाम्यात लिहिली जात नाही.

आता थोडे अंकगणित. एका कल्पित शाळेत सहावी ते आठवीची शंभर मुले आहेत. पैकी साठ स्थिर घरांतील, त्यांचे सरासरी गुण ६०. चाळीस अस्थिर घरांतील, त्यांचे सरासरी गुण ४०. शाळेची सरासरी निघते ५२. दहा वर्षांनी स्थिर घरांतील मुले वीसच उरली, अस्थिर घरांतील ऐंशी झाली. या दहा वर्षांत शिक्षकांनी मेहनत घेतली आणि दोन्ही गटांचे गुण चार-चारांनी वाढवले: पहिल्याचे ६४, दुसऱ्याचे ४४. तरी शाळेची सरासरी येते ४८. प्रत्येक गट पुढे गेला आणि शाळा मात्र चार गुणांनी मागे पडली! वर्तमानपत्रात छापून येते ती ही घसरण. खासगी शाळेच्या बाबतीत हेच गणित उलट दिशेने चालते. पुढे असलेली मुले निवडून घेतली की शिकवण्यात तसूभर फरक न करता सरासरी चढते, आणि मग त्या चढाचे श्रेय व्यवस्थापन घेते.

खर्चाच्या आकड्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. पालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प अलीकडे वर्षाला तीन हजार कोटी रुपयांच्या वर गेला आहे. त्याला विद्यार्थिसंख्येने भागून ‘दर मुलामागे एवढा खर्च, आणि फळ हे’ असा ताळेबंद मांडला जातो. इमारत, कायम शिक्षकांचे वेतन आणि निवृत्तिवेतन हा खर्च पट घटला म्हणून त्या प्रमाणात घटत नसतो. भाजक लहान झाला की भागाकार मोठा होतो, हे सातवीच्या मुलालाही ठाऊक असते. शहराच्या कारभाऱ्यांना ते ठाऊक नसावे असे मानणे कठीण आहे.

मात्र येथे दुसऱ्या बाजूचा मोहही टाळला पाहिजे. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव गुणांवर अधिक पडतो, हा तिचा निष्कर्ष जगभर गाजला. त्याच अहवालातील दुसरा निष्कर्ष तितका गाजला नाही. वंचित घरांतील मुलांचे यश त्यांची शाळा, त्यांचे शिक्षक आणि वर्गातले सोबती यांवर इतरांपेक्षा अधिक अवलंबून असते, असे त्यात आढळले होते. म्हणजे ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांच्या बाबतीत शाळेची जबाबदारी कमी नव्हे, जास्तच ठरते. ‘या वस्तीतली मुले, यांच्याकडून काय होणार’ हे उद्गार पालिकेच्या शिक्षक-कक्षांत ऐकू येतात. ते उच्चारणाऱ्यांत चळवळीच्या शिक्षक संघटनांचे सभासदही असतात. वेतन आयोगासाठी मोर्चा काढणाऱ्या संघटनेने वाचता न येणाऱ्या सहावीतल्या मुलांविषयी एक ठरावही करू नये, हे समर्थनीय नाही.

कारण खरी गळती सहावी ते आठवी याच टप्प्यावर आहे. पहिली-दुसरीत अक्षरओळख होते. सहावीत भाषा हा विषय न राहता साधन बनते. इतिहास, विज्ञान, शाब्दिक उदाहरणे सर्व वाचूनच शिकायची असतात. अडखळत वाचणारे मूल येथे एकदम सर्व विषयांत मागे पडते, आणि अपूर्णांकांपाशी गणितही सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास न करण्याचे ठरवले. त्याच्या जोडीला सतत मूल्यमापन आणि मागे पडलेल्यांसाठी विशेष मदत अपेक्षित होती. ढकलणे तेवढे झाले, मदत राहून गेली. मग २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्या परीक्षा पुन्हा आणल्या. औषध दिले नाही, आणि रोगी बरा झाला नाही म्हणून त्याला शिक्षा! याच वयात मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळू लागते आणि मुलगा घरच्या धंद्यात बसतो. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या व्यवसायात ‘मदत’ करण्यास मोकळीक दिली आहे. जरीच्या खाटल्यावर ती मदत रात्री किती वाजता संपते, हे तपासायला निरीक्षक जात नाही.

उपाय नवा नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली होती. एका परिसरातील सर्व मुले, घर कोणतेही असो, एकाच शाळेत. राष्ट्रपतीच्या आणि चपराशाच्या मुलाला एकच शिक्षण, ही लोहियावाद्यांची जुनी मागणी याहून वेगळी नव्हती. त्याऐवजी मिळाले खासगी शाळांतील २५ टक्के आरक्षण. ते मिळवणाऱ्या पालकांना दोष देता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने त्याला कात्री लावली तेव्हा ती न्यायालयात रद्द करून घेणे योग्यच झाले. पण अर्ज भरता येणारे, दाखले जमवता येणारे, म्हणजे गरिबांतले त्यातल्या त्यात सावध पालक त्या वाटेने बाहेर पडतात आणि पालिकेच्या शाळेत आवाज नसलेले उरतात, हा परिणाम नाकारून चालणार नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी तक्रार केली होती की, पैसा रयतेच्या घामाचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आज वरचे वर्ग सार्वजनिक शाळेतून निघून गेले आहेत, आणि जाताना तिच्यावरचा लोकमताचा धाकही घेऊन गेले आहेत.

तरीही लोकांना पालिकेची शाळा नकोच आहे, हे खरे नाही. अलीकडे पालिकेने केंद्रीय मंडळाच्या काही शाळा काढल्या. तेथे प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. मात्र चार चांगल्या शाळा सजवून उरलेल्या शेकडो शाळा वाऱ्यावर सोडल्या, तर पालिकेच्या पोटातच दुसरी विषमता जन्माला येईल.

कार्यकर्त्याने करायचे काम अगदी जवळचे आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. वॉर्डातील शाखेने या पालकांना गाठून शाळेकडून तीन गोष्टी लेखी मागवाव्यात. पाचवीत दाखल झालेल्यांपैकी किती मुले आठवीत त्याच शाळेत आहेत, त्यांपैकी किती सलग वाचू शकतात, आणि मधल्या काळात गळालेली मुले कोठे गेली. शेजारच्या शाळेशी तुलना नको. त्याच मुलाची त्याच्याच कालच्या पातळीशी हवी. बहुतेक सभा कामाच्या दिवशी दुपारी भरतात आणि नाक्यावर जाणाऱ्या आईला त्यासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. म्हणून सभा रविवारी सकाळी घ्यावी, ही पहिली मागणी असावी.