वाट आधी विचारा
(विद्यार्थी व पालकांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



गेल्या वर्षी एक तरुण कागदांचे बाड घेऊन माझ्याकडे आला. पदार्थविज्ञानात बी.एस्सी., त्यावर बी.एड. झालेला. गावच्या प्राथमिक शाळेत पहिली ते पाचवीस शिकवावे, ही त्याची इच्छा. मला त्यास सांगावे लागले की, त्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला आहे, तेथे डी.एल.एड. लागते. मुलगा हुशार होता. वाट आधी विचारली नाही, एवढीच त्याची चूक.

म्हणून पहिला प्रश्न हा की, शिकवावयाचे कोणत्या इयत्तेस?

सहावी ते आठवीस विज्ञान शिकवावयाचे असेल, तर बी.एस्सी., बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा गणित-विज्ञानाचा दुसरा पेपर उत्तीर्ण पाहिजे. त्या तरुणास हीच वाट मोकळी होती. नववी-दहावीस बी.एस्सी. व बी.एड.; तेथे पदार्थविज्ञान हा विज्ञान विषयाचाच एक भाग असतो. केवळ पदार्थविज्ञान शिकवावयाचे असेल, तर अकरावी-बारावीकडे पाहावे. त्यासाठी त्याच विषयात एम.एस्सी. आणि बी.एड. लागते. पदवीस ५० टक्के गुणांची अट असते. राखीव वर्गास नियमाप्रमाणे सूट मिळते.

आता मार्ग. जुना मार्ग तीन वर्षांची पदवी व नंतर दोन वर्षांचे बी.एड., असा पाच वर्षांचा. दुसरा, २०२३ पासून सुरू झालेला, बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. यात पदवी व प्रशिक्षण एकत्र होऊन एक वर्ष वाचते. मजुरीवर चालणाऱ्या घरास एक वर्ष म्हणजे काय, हे मी आपणांस सांगावयास नको. प्रवेश परीक्षेची माहिती अकरावीतच मिळवा. महाराष्ट्र ज्या विभागात मोडतो, त्याची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळ येथे आहे. तिचीही चौकशी करा.

पालकांनी एक काम स्वतःकडे घ्यावे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या. तो हक्क कागदावाचून पदरी पडत नाही. जातीचा दाखला व त्याची वैधता बारावीपूर्वीच करून ठेवा. प्रवेशाच्या दिवशी धावपळ करणाऱ्यांच्या जागा गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

नोकरीसाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते व भरती ‘पवित्र’ प्रणालीतून होते. जागा मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या हाती पैसा देऊ नका. तो पैसा पुस्तकांवर खर्च करा.

ज्या वर्गात शिक्षक ‘मी सांगतो म्हणून मान’ न म्हणता ‘प्रयोग करून पाहा’ म्हणतो, तेथे मूल प्रश्न विचारावयास शिकते. असा शिक्षक आपल्या वस्तीतून निघावा, ही माझी इच्छा. घरी जाऊन मुलास, आणि मुलीसही, आजच विचारा: तुला कोणत्या इयत्तेस शिकवावयाचे आहे?