घरापर्यंतचा खर्च

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला लोक सहसा भिकारी समजतात. केसांच्या जटा, अंगावर चिंध्यांचे थर, स्वतःशीच चाललेली बडबड. पुढ्यात नाणे टाकले की पाहणाऱ्याला सुटल्यासारखे वाटते. यांतील अनेकांना स्किझोफ्रेनिया असतो. त्यावर औषधे आहेत, आणि ती फार महागही नाहीत.

मुंबईतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केले, ते अशाच एका तरुणामुळे. करवंटीने गटाराचे पाणी पिताना तो या दांपत्याला दिसला. उपचारानंतर तो बोलता झाला, तेव्हा कळले की तो विज्ञानाचा पदवीधर आहे. पदवीधरांना हा तपशील सांगायलाच हवा, कारण शिक्षणाने या आजारापासून संरक्षण मिळते असा एक समज सुशिक्षितांत आहे. स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात, म्हणजे शिक्षण संपत असताना किंवा नोकरी लागत असताना डोके वर काढतो.

पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील एक अध्यापक रस्त्यावर भटकताना सापडले. चित्रकार मंडळी हलली, त्यांनी चित्रप्रदर्शन भरवले आणि त्यातून संस्थेच्या कामाला पैसा उभा राहिला. कलावंतांनी आपल्याजवळ जे होते तेच दिले. मदतीचा हा प्रकार धनादेशाइतकाच मोलाचा. २००६ मध्ये कर्जतजवळ मोठे केंद्र सुरू झाले आणि २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

केंद्रात आलेल्या माणसाला आधी न्हाऊमाखू घालावे लागते, उवा काढाव्या लागतात, जखमा धुवाव्या लागतात. मग गोळ्या सुरू होतात. काही आठवड्यांनी रुग्ण एखादे नाव उच्चारतो: गावाचे, भावाचे, कधी नुसत्या रेल्वे स्टेशनचे. ते तेलुगूत असेल, बंगालीत किंवा भोजपुरीत. ती भाषा जाणणारा कोणी जवळ नसेल, तर तोच धागा हातातून निसटतो. गाव सापडले की सामाजिक कार्यकर्ता रुग्णाला घेऊन थेट घरी जातो. काही घरांत तोवर त्याला मेला म्हणून धरलेले असते. घरच्यांना आजार समजावून सांगायचा, गोळ्या बंद करू नका हे पुन्हा पुन्हा बजावायचे आणि परत यायचे. खरा खर्च इथे आहे: रेल्वेची तिकिटे, माणसांचे पगार, नंतर पाठवायची औषधे. देणगीदारांना मात्र इमारत आवडते, कारण तिच्यावर पाटी लावता येते. घरी आलेल्या रुग्णाच्या गोळ्या सुटल्या, तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. म्हणून एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा न चुकता येणारी लहान रक्कम अशा संस्थेला अधिक उपयोगी पडते.

कायदा या बाबतीत बराच पुढे गेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा भटकणारा माणूस पोलिसांनी संरक्षणाखाली घेतला, तर २४ तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही. माणूस बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणे हेही पोलिसांचेच काम. ही तरतूद अनेक नागरिकांच्या कानांवरही नाही. विधी शाखेच्या पदवीधराने ती पोलीस ठाण्यात शांतपणे दाखवून दिली, तरी एखाद्या रुग्णाची वाट मोकळी होऊ शकते.

बाकीच्या शाखांनाही कामे आहेत. वाणिज्य पदवीधर हिशेब आणि लेखापरीक्षणाची कागदपत्रे नीट ठेवू शकतो. लहान संस्था याच ठिकाणी अडखळतात. फार्मसीचा पदवीधर औषधांचा साठा आणि मुदतीच्या तारखा सांभाळतो. भाषेच्या विद्यार्थ्याने फोनवर अर्धा तास दिला, तर कोणाचे तरी गाव सापडू शकते. एक पथ्य मात्र सर्वांनाच पाळावे लागते: रुग्णाचे फोटो काढून मित्रमंडळींत फिरवायचे नाहीत. बरा झाल्यावर त्याला त्याच गावात राहायचे असते, तिथेच रोजगार शोधायचा असतो. शिवाय त्याच्या आजाराविषयीची माहिती गोपनीय राहणे हा २०१७ च्या कायद्याने त्याला दिलेला हक्क आहे.