सरबताचा पेला आणि रोजचे जगणे



पगडी, पालखी आणि समई यथास्थित मांडली की गतकाळ उभा राहिला, असा ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणाऱ्या पुष्कळांचा समज दिसतो. इतर कादंबरीत चुकलेला तपशील फार तर खटकतो. रहस्यकथेत तो चुकला की गुन्हाच अशक्य ठरतो. दार कोण उघडते, मालक बाहेर असताना खोलीत कोणाचा वावर असतो, या क्षुल्लक प्रश्नांवरच तिची सारी भिस्त असते.

बडोद्याचे एकच प्रकरण घ्यावे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फेरफटका मारून आलेल्या रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, उरलेले फेकून दिले आणि पेल्याच्या तळाशी त्यांना गाळ दिसला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. मल्हारराव गायकवाडांवर आरोप आला आणि १८७५ च्या फेब्रुवारीत चौकशी-आयोग बसला. आयोगातील तिन्ही इंग्रज सभासदांनी महाराजांना दोषी मानले; ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. तरीही एप्रिलमध्ये, गैरकारभाराचे कारण पुढे करून, महाराजांना पदच्युत करण्यात आले.

राजकारणाचा अभ्यासक येथे थांबतो. कथालेखकाचे काम येथून पुढे आहे. साक्षीदारांत हवालदार, जमादार, आया, खानसामा अशी माणसे होती. एरवी ज्यांच्या दिनक्रमाची नोंद कोणी ठेवली नसती, त्यांना वकिलांनी त्यांच्या येण्याजाण्याविषयी उलटसुलट विचारले, आणि त्यामुळेच ते जगणे कागदावर उतरले. मात्र हे बोलणे आपल्यापर्यंत इंग्रजीतून पोहोचते. मूळ गुजराती, हिंदुस्तानी वा मराठी वळण दुभाष्याच्या हाती विरून गेले. ते परत घडवताना लेखकाने त्या काळची पत्रे आणि दप्तरे वाचावीत. नाटकी ‘दरबारी’ भाषा मात्र टाळावी, ती कोणत्याच काळात कोणी स्वयंपाकघरात बोलत नव्हते.

दुसरे साधन पंचांग. इंग्रजी तारखेवर विसंबणाऱ्यास ९ नोव्हेंबर हा एक साधा सोमवार वाटेल. तिथी काढून पाहिली की आश्विन अमावास्येचा सुमार निघतो. म्हणजे ऐन दिवाळी. त्याच सुमारास रमजानही संपत आला होता. घरातील हिंदू नोकर सणाच्या गडबडीत, मुसलमान नोकर रोज्याच्या अखेरच्या दिवसांत, आणि साहेबाचा फेरफटका व सरबत मात्र नित्याप्रमाणे! त्या पहाटेच्या प्रसंगात चांदणे पाडणाऱ्या लेखकाची कथा जाणता वाचक तेथेच मिटवील.

हिऱ्याच्या पुडीचा विचार तर अधिकच रंजक आहे. हिरकणी गिळून प्राण दिल्याच्या कथा आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जात. हिरा हे रासायनिक अर्थाने विष नव्हे, हे आज आपण जाणतो. पण पूड मिसळणाऱ्याच्या मनात काय होते, याचा शोध त्या घरगुती समजुतीतच घ्यावा लागतो. सोमल मात्र खरे विष, आणि ते दुर्मीळही नव्हे. उंदीर मारण्यास व वैद्याच्या औषधात ते लागे. तेव्हा ‘विष आणले कोठून’ या प्रश्नात फारसा अर्थ उरत नाही. कोणी, कोणत्या निमित्ताने मागितले, हे विचारावे.

पैशाचेही तसेच. बक्षिसाचे आकडे वाचताना रुपया बाबाशाही की इंग्रजी, हे पाहिलेच पाहिजे. बाबाशाहीचे मोल कमी होते. हा फरक न जाणणाऱ्या लेखकाच्या कथेत लाच भलतीच मोठी होऊन बसते.

सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे हवालदार रावजीचा पट्टा. घटनेनंतर महिन्याहून अधिक काळाने त्यात सोमलाची पुडी सापडल्याचे पोलिसांनी सांगितले. महाराजांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी त्या शोधावरच संशय उभा केला. असा पट्टा कसा शिवलेला असे, त्यात पुडी मावण्याजोगी जागा कोठे असे, चाकरी सुटल्यावर तो कोणाच्या खांद्यावर जाई? येथे एका राजाची गादी पणाला लागलेली होती. मल्हारराव १८८२ साली मद्रासेत वारले. या प्रकरणावर कथा रचू पाहणाऱ्याने आधी तो पट्टा कसा होता, हे शोधावे. गुन्हेगाराचे नाव नंतर ठरवावे.