समुद्रातला लोखंडी रस्ता आणि वऱ्हाडचा कापूस

(शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शिवारात पऱ्हाटीला बोंडं धरण्याचे हे दिवस. अशा वेळी मी तुम्हाला इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर नेणार आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे लोखंडी खांबांवर लांबच लांब धक्के बांधले गेले. त्यांना पिअर म्हणतात. त्यांवर जहाजं लागत, पण मुख्यतः लोक फिरायला जात. दोन बाजूंना बाकं, बँडचे सूर, खाली भरती-ओहोटी, आणि आत जायला तिकीट. या करमणुकीशी आपल्या यवतमाळचा संबंध काय? संबंध कापसाचा आहे, आणि तो जवळचा आहे.

सुरुवात साध्या गरजेतून झाली. वाइट बेटावरच्या राइड गावी ओहोटीच्या वेळी प्रवाशांना चिखल तुडवत किनारा गाठावा लागे. म्हणून 1814 मध्ये तिथे लाकडी धक्का झाला. बोट नसतानाही लोक त्यावर हवा खायला येऊ लागले. 1823 मध्ये ब्रायटनला साखळदंडांवर तोललेला धक्का उभा राहिला. 1896 च्या वादळाने तो नेला. वाळूत पक्का खांब रोवायचा कसा, हीच खरी अडचण होती. ती सोडवली बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल या अंध अभियंत्याने. खांबाच्या टोकाला रुंद मळसूत्री पातं बसवून तो फिरवत जमिनीत उतरवायचा, या युक्तीचं पेटंट त्याने 1833 मध्ये घेतलं. मुंबई-बडोदा रेल्वेचे पूलही पुढे अशाच खांबांवर उभे राहिले.

हे तंत्र विहाराच्या धक्क्यांसाठी वापरलं युजिनियस बर्चने. 1855 मध्ये मार्गेट, 1863 मध्ये ब्लॅकपूलचा नॉर्थ पिअर, 1866 मध्ये ब्रायटनचा वेस्ट पिअर. असे चौदा धक्के त्याच्या नावावर आहेत. कलकत्ता-दिल्ली रेल्वेच्या कामातही त्याचा हात होता.

आता 1863 या सालाकडे नीट पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. लाखो कामगार रिकामे बसले, मदतीच्या अन्नावर जगू लागले. नॉर्थ पिअर उघडला तो याच लँकेशायरच्या किनाऱ्यावर आणि याच टंचाईत. त्याच वेळी गिरणीमालकांची नजर वऱ्हाडकडे लागली होती. 1853 च्या करारानंतर निजामाच्या या मुलखाचा कारभार इंग्रजांच्या हाती आला होता. लमाणांच्या तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवरून आणि बंड्यांतून आपला कापूस पश्चिमेकडे निघाला. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून तो ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई. धागा आखूड, म्हणून तिकडचे कामगार त्याला वैतागत; पण चात्या फिरत्या ठेवायला तोच हाताशी होता. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले सट्टेवाले बुडाले. वऱ्हाड मात्र कापसाला कायमचं बांधलं गेलं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि ती गाठ आणखी घट्ट झाली.

लँकेशायरचे कामगार सावरले. शनिवारी दुपारी सुटी मिळण्याचा हक्क त्यांना 1850 च्या कायद्याने आधीच मिळाला होता. उन्हाळ्यात एकेका गावच्या गिरण्या आठवडाभर बंद राहत आणि सगळं गाव आगगाडीने ब्लॅकपूलला लोटे. नॉर्थ पिअर प्रतिष्ठितांसाठी होता. या माणसांना 1868 चा सेंट्रल पिअर आपला वाटला. तिथे उघड्यावर नाच चाले, आणि त्याचं नावच ‘लोकांचा पिअर’ पडलं. भागधारकांनी नफ्यासाठी बांधलेली वस्तू गिरणीकामगारांनी अशी आपलीशी केली. या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. विसावा हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, हे त्या फळ्यांवरून चालणाऱ्यांनी सिद्ध केलं. ज्याच्या रुईवर त्या गिरण्या चालल्या, त्या आपल्या शेतकऱ्याच्या घरी पोळ्याला बैलांना विसावा मिळे. त्याच्या स्वतःच्या विसाव्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नव्हती.

आपल्याकडेही एक लोखंडी वाट नफ्यासाठीच आली. किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी 113 किलोमीटरची अरुंद रेल्वे कापसासाठी टाकली. तिला आपण शकुंतला म्हणतो. जिनिंग-प्रेसिंगमधल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत आणि मुंबईला जात. तिचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला, म्हणजे त्याच कापडनगरीत, तयार झालेलं. ते 1994 पर्यंत धावलं. पण कारंजा, दारव्हा, लाडखेडच्या लोकांनी त्या गाडीला बाजाराची, लग्नाची, माहेरच्या वाटेची गाडी केलं. गरिबाला परवडणारा प्रवास तिने दिला. गेल्या दशकात ती थांबली.

थांबलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, याची दोन उत्तरं इंग्लंडच्या किनाऱ्यावर आहेत. ब्रायटनचा वेस्ट पिअर 1975 मध्ये बंद झाला, निर्णय लांबत गेले, 2003 मध्ये आगी लागल्या आणि आज पाण्यात फक्त सांगाडा आहे. दुसरं उत्तर क्लीव्हडनचं. 1869 चा हा धक्का रेल्वेच्या जुन्या रुळांतून उभारलेला. 1970 मध्ये वजनाची चाचणी घेताना त्याचे दोन गाळे कोसळले. तो पाडावा असं ठरत होतं, पण गावकऱ्यांनी विश्वस्त संस्था काढली, त्यावरच्या चौकशीपुढे बाजू मांडली, पैसे उभे केले. 1989 मध्ये तो पुन्हा उघडला आणि 1998 मध्ये टोकापर्यंत पूर्ण झाला.

क्लीव्हडन हे काही श्रीमंत महानगर नव्हे. म्हणून मी आग्रहाने सांगतो: शकुंतलेच्या जागी मोठी रेल्वे यायची तेव्हा येवो, ती यायलाच हवी, पण अरुंद मार्गाचा एक तुकडा, एक स्थानक आणि त्यांचे कागद आपण राखले पाहिजेत. त्या गाडीवर नोकरी केलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी, तिकिटं, छायाचित्रं गोळा करण्याचं काम शाळा आणि वाचनालयं आजपासून करू शकतात. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहायची गरज नाही. हे काम यवतमाळने हाती घ्यावं, एवढी विनंती करून मी थांबतो.