देवीला आठ हात, आपल्याला दोनच

आम्ही पुण्यातून बोलतोय, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या एका बचत गटातून. चकली, शेवया, भाजणी, मसाले असा आमचा छोटासा धंदा आहे.

नवरात्रात कुठे सत्काराला बोलावलं की पाहुणे म्हणतात, ‘तुम्ही तर अष्टभुजा!’ ऐकायला बरं वाटतं. पण घरी परत येताना आमच्यातली एक ताई म्हणाली, ‘अगं, देवीला खरंच आठ हात आहेत. आपल्याला दोनच आहेत, आणि कामं मात्र आठ.’ आज याच आठ कामांबद्दल बोलायचंय.

मोजून बघा. भुसार बाजारात जाऊन डाळ-तांदूळ आणते ती खरेदी करणारी. भाजते, तळते ती कारागीर. वजन करून पिशव्या भरते ती पॅकिंगवाली. फोन घेते ती दुकानदार, रिक्षात बसून माल पोचवते ती हमाल. उधारी मागते ती वसुलीवाली आणि रात्री वही लिहिते ती कारकून. हे झालं धंद्याचं. त्याशिवाय ती आई असते, सून असते, पाणी भरणारी असते. तुमच्याकडे शेळ्या असतील, दूध असेल, रानातली खुरपणी असेल. नावं वेगळी, बाई एकच.

आम्हाला यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मात्र डोळे उघडले. फराळाच्या सगळ्या ऑर्डरी आमच्या एकाच ताईच्या फोनमध्ये आणि डोक्यात होत्या. वसुबारसेच्या आदल्या रात्री तिच्या सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं. ती तिकडे धावली, फोनही तिच्याबरोबर गेला, आणि दवाखान्यात तो बंद पडला. इकडे आमच्यासमोर डबे भरून चकल्या, पण कुणाला किती द्यायच्या, कुणाचे पैसे आलेत, काहीच माहीत नाही. दोन गिऱ्हाइकांनी शेवटी दुसरीकडून फराळ घेतला. सहा किलो माल पडून राहिला.

नंतर ती ताई रडत माफी मागायला लागली. तेव्हा आम्हालाच लाज वाटली. चूक तिची नव्हती. सगळं एकीवर टाकून ‘ती बघते ना’ म्हणत बसलो होतो, ती चूक आमची होती.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही वही उघडली आणि पहिल्यांदाच हिशोबात आपला वेळ धरला. तेव्हाचा हिशोब सांगतो. एक किलो चकलीला भाजणी, तेल, तीळ-ओवा, गॅस आणि पिशवी मिळून १७० रुपये लागत होते. आम्ही विकत होतो २६० ला. म्हणजे किलोमागे ९० सुटले, दहा किलोला ९००. आम्ही खूश! मग रिक्षाचे २०० वजा केले, राहिले ७००. आता तास मोजा. धान्य धुणं, वाळवणं, भाजणं, गिरणीची रांग, तळणं, पॅकिंग आणि पोचवणं, सगळे मिळून २५ तास. ७०० भागिले २५, तासाला २८ रुपये. बैठकीत कुणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाली, ‘यापेक्षा मी सोसायटीत पोळ्या लाटायला गेले असते, तर जास्त मिळाले असते.’

त्या दिवशी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, ऑर्डर वहीत लिहायची. नाव, फोन, माल, तारीख, आलेले पैसे. वही गटाच्या पेटीत राहील, कुणाच्या पिशवीत नाही.

दुसरी, कामं वाटून घ्यायची. जिचा हात तळण्यात बसलाय तिने तळायचं. जिला हिशोब जमतो तिने वही धरायची. जी बोलायला धीट तिने उधारी मागायची. तिघींचं धान्य एकदाच गिरणीत, तिघींचा माल एकाच रिक्षात. आणि प्रत्येक कामाला दुसरी एक माहीतगार ठेवायची, म्हणजे एकीच्या घरी अडचण आली तरी गाडं अडत नाही.

तिसरी, भाव ३२० केला. भीती वाटत होती. काही गिऱ्हाइकं गेलीही. पण बरीचशी राहिली.

काम वाटून घेणं ही काही आमची अक्कल नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पीठ एका ठिकाणी मळलं जातं आणि बायका ते घरी नेऊन पापड लाटतात. सगळं सगळ्यांनी करायचं, असं नाही. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये एकत्र आणलं, ते अन्नपूर्णा महिला मंडळ. त्यांची मुलगी मेधाताई पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ मध्ये आपल्या पुण्यात भाजी विकणाऱ्या बायकांपासून काम सुरू केलं. त्या कामात कर्जाच्या जोडीला पाळणाघरंही आली. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नुसतं कर्ज देऊन बाईचा हात मोकळा होत नाही. कडेवरचं मूल कुणीतरी घ्यावं लागतं.

म्हणून चौथी गोष्ट घरातली, आणि तीच सगळ्यात अवघड. धंद्याचं काम मैत्रिणी वाटून घेतील, पण घरचं? आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांनी नातवाला अंगणवाडीतून आणायचं काम घेतलं. पहिले आठ दिवस गल्लीतले हसले, मग सवय झाली. एकीचा नवरा दळण आणतो. एकीच्या घरी अजून कुणी ताटही उचलत नाही, आणि ती रोज थकून जाते. सगळं सुरळीत झालं असं आम्ही खोटं सांगणार नाही. पण मागितल्याशिवाय मिळत नाही, एवढं कळलंय. आणि चिडून मागण्यापेक्षा वही समोर ठेवून मागितलेलं जास्त लागू पडतं. ‘एवढे तास मी देते, एवढे पैसे घरात येतात. मला एक तास द्या.’

मैत्रिणींनो, आजच्या आज एक करा. एका कागदावर काल सकाळपासून रात्रीपर्यंत केलेली कामं लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. त्यातलं एक काम दुसऱ्या कुणाला देता येईल, त्यावर खूण करा. तो कागद गटाच्या बैठकीत न्या आणि वाचून दाखवा. बघा, प्रत्येकीचा कागद सारखाच निघेल.

ती दवाखान्यात धावलेली ताई अजून आमच्यातच आहे. सासूबाई बऱ्या झाल्या. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ती दोन दिवस माहेरी राहून आली. फोन घरी ठेवून. माल वेळेवर गेला.